घर सुटलेल्या बाईला काय लागते?



आजचा विषय पत्रिकेत वाचून आपणांपैकी पुष्कळांना वाटले असेल की, आता तासभर हुंडा, दारू आणि सासू यांच्यावर कोरडे ओढले जाणार. तसा आमचा विचार नाही. बायकोला मारणे वाईट, हे सांगायला व्याख्यानमाला लागत नाही. ज्या घरात ते रोज घडते त्या घरालाही ते ठाऊक असते, म्हणून तर मारण्याआधी दार लोटून घेतले जाते. आम्हांला विचारायचा आहे तो प्रश्न त्याच्या पुढचा, आणि दिसायला अगदी किरकोळ आहे. मार खाणारी, उपाशी ठेवली जाणारी, किंवा नुसत्या शब्दांनी रोज सोलली जाणारी बाई ज्या घटकेला 'आता पुरे' म्हणते, त्या घटकेपासून तिला काय काय लागते? त्यातले आपल्या जिल्ह्यात काय आहे आणि काय नाही? आणि हे मोजायचे कोणी?

कायद्याच्या बाबतीत आपण कोल्हापूरकर मागे होतो असे कोणी म्हणू शकणार नाही. शाहू छत्रपतींनी १९१७ साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला आणि १९१९ साली स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याला आळा घालणारा कायदा आपल्या संस्थानात आणला. घरातल्या छळाला कैद आणि दंड अशी शिक्षा सांगणारा हा कायदा. पुढे स्वतंत्र भारताच्या दंडसंहितेत पती आणि त्याचे नातलग यांच्या क्रूरतेबद्दलचे ४९८ अ हे कलम आले, ते १९८३ साली. म्हणजे मध्ये चौसष्ट वर्षे गेली. आज तेच कलम भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या आकड्यांनी आहे. ही आपली थोरवी सांगून इथेच टाळ्या घेता येतील. परंतु चौसष्ट वर्षे आधी कायदा मिळालेल्या मुलखातल्या बाईला त्याचा उपयोग किती झाला, हा हिशेब कोणी मांडलेला आमच्या वाचनात नाही, आणि तो मांडला गेला नाही ह्यातच आमच्या आजच्या बोलण्याचे कारण आहे. कायदा करणारा राजा एक असतो. कायद्यापर्यंत पोचवणारी माणसे गावोगाव लागतात.

सध्याचा जो मुख्य कायदा, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा, तो २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो चांगला कायदा आहे. त्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ येते, पैशाची अडवणूक येते, शरीराची विटंबना येते. नुसत्या बायकोलाच नव्हे, तर बहिणीला, आईला, म्हाताऱ्या सासूलाही तो उभा राहतो. ज्या घरात ती नांदली त्या घरात राहण्याचा हक्क तो तिला देतो, आणि ते घर सासऱ्याच्या नावावर असले म्हणून तेवढ्याने हा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे. खर्ची, मुलांचा ताबा, स्त्रीधन परत मिळणे, सारे त्यात आहे. अर्ज दिल्यापासून साधारणपणे तीन दिवसांत पहिली तारीख आणि साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न, असेही त्यात लिहिले आहे. न्यायालयाच्या पायऱ्या झिजवलेली मंडळी इथे बसली असतील, त्यांना आत्ता हसू आले ते आम्ही पाहिले. असो.

तेव्हा कागदावर घर आहे, अन्न आहे, पोर आहे. मग अडते कुठे?

ह्या प्रश्नाला उत्तर शोधायला आम्हांला लांब जावे लागत नाही. आपल्या शहराला बोर्डिंगांचे शहर म्हणतात. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, मग जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. शाळा तेव्हाही होती. खेड्यातला मुलगा शाळेत का टिकत नाही याचे कारण शाळेतच शोधत बसले असते, तर फी माफ केली असती, मास्तर वाढवले असते आणि मुलगा तरीही गावीच राहिला असता. त्याला रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळची भाकरी हवी होती. गरज शाळेची दिसत होती. खरी गरज अंथरुणाची होती. छळ सोसणाऱ्या बाईच्या बाबतीत आपण नेमकी हीच चूक गेली कित्येक वर्षे करीत आहोत. तिला न्याय हवा आहे हे खरेच. परंतु न्यायाची तारीख सोमवारी असते आणि घरातून बाहेर काढले जाते शनिवारी रात्री.

आता थोडे आकडे घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यानुसार महाराष्ट्रात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २५.२ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा सोसल्याचे सांगितले. आधीच्या फेरीत हा आकडा २१.३ होता. म्हणजे चारांतली एक. त्याच सर्वेक्षणाने सबंध देशापुरता आणखी एक आकडा दिला आहे, आणि तो आम्हांला पहिल्यापेक्षा जास्त बोचतो. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागितली ती फक्त १४ टक्के स्त्रियांनी. ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाहीच, शिवाय कोणाजवळ अवाक्षरही काढले नाही. राज्याचा आकडा आणि देशाचा आकडा एकमेकांना बांधणे काटेकोर शास्त्राला धरून होणार नाही. परंतु ओझरता अंदाज घ्यायचा तर ज्या गावात त्या वयाच्या चारशे सासुरवाशिणी आहेत, तिथे शंभर जणींनी हे सोसलेले असणार, पंधराएक जणी कोणाकडे तरी बोललेल्या असणार, आणि पोलीस ठाण्याच्या वहीत त्यांतली एखादी सापडली तर सापडेल.

यातून एक गोष्ट लक्षात यावी. आपण जेव्हा म्हणतो, 'आमच्या तालुक्यात अशा तक्रारी फारशा नाहीत,' तेव्हा आपण गरज मोजलेली नसते, दाराची रुंदी मोजलेली असते. दार अरुंद असेल तर आत येणारे थोडे. केंद्रावर किती बाया आल्या, याची मासिक पत्रके भरली जातात. ज्या येऊ शकल्या नाहीत त्यांचे पत्रक कोणी भरायचे? ओढ्याला पूर आल्यावर पलीकडच्या काठावर किती माणसे अडकली आहेत, हे अलीकडे उतरलेल्यांची डोकी मोजून कळत नाही. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या करवीर-शिरोळकरांना हे निराळे समजावून सांगायला नको.

म्हणून आम्ही म्हणतो, बाईच्या बाजूने वाट चालून पाहा. समजा, चंदगड तालुक्यातल्या एका वाडीवरची बाई आहे. रात्री नऊ वाजता तिला दोन पोरांसह उंबऱ्याबाहेर काढले. पायात चप्पल आहे की नाही, सांगता येत नाही. पहिली गरज कोणती? शेजारचे दार. ते उघडते का? उघडले, तर सकाळी तो शेजारी तिच्या नवऱ्याशी बांधाला बांध लावून राहणार आहे, त्याची पाण्याची पाळी त्याच्याच पाटातून येते. तेव्हा शेजाऱ्याचे दार म्हणजे नुसती माणुसकी नव्हे, त्याला किंमत पडते. दुसरी गरज फोनची. तो बहुधा नवऱ्याने काढून घेतलेला असतो. १८१ आणि ११२ हे आकडे भिंतीवर रंगवलेले असतात. पण ज्या हातात फोन नाही त्याला भिंत काय करणार? तिसरी गरज गाडीची. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले, ही फार मोलाची गोष्ट झाली, आणि ज्यांनी ती केली त्यांच्या मनात हा उपयोग नसेलही. परंतु माहेर गाठण्याचा खर्च निम्मा झाला. मात्र शेवटची गाडी सहाला गेली असेल, तर अर्ध्या तिकिटाला अर्थ नाही.

चंदगडहून कोल्हापूर शंभराहून अधिक किलोमीटर, आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ. जिल्ह्याची सगळी सोय मात्र जिल्ह्याच्या गावी. केंद्र शासनाने १ एप्रिल २०१५ पासून 'सखी' नावाची केंद्रे काढण्याची योजना आणली. एकाच छपराखाली औषधोपचार, पोलिसांची मदत, वकिलाचा सल्ला, समुपदेशन आणि पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा. कल्पना उत्तम आहे. पण जिल्ह्यात बारा तालुके, गगनबावड्याचा पाऊस, आजऱ्या-भुदरगडचे घाट. आणि जिल्ह्याच्या गावी एका खोलीत पाच दिवस. पाच दिवसांत डोळ्यांखालची सूज उतरते. पोराची शाळा, बाईची मजुरी आणि तिची भीती पाच दिवसांत उतरत नाही.

मग जागा लागते तरी किती? विलायतेत १९७१ साली लंडनच्या चिझिक भागात अशा स्त्रियांसाठी पहिले आश्रयगृह निघाले. तिथून पुढे युरोपीय परिषदेने असे प्रमाण सुचवले की, दर दहा हजार लोकसंख्येमागे एका कुटुंबाला, म्हणजे आई आणि तिची मुले यांना, आश्रय मिळेल एवढी जागा असावी. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. त्या मापाने ३८७ खोल्या झाल्या. हा आकडा ऐकून कोणी दचकू नये. आम्ही काही ३८७ खोल्यांची इमारत मागायला उभे राहिलेलो नाही. तिकडचे माप इकडे जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण इकडे एक संस्था आहे जी तिकडे ह्या रूपात नाही, आणि तिची नोंद कुठल्याच सरकारी दप्तरात नाही. ती संस्था म्हणजे माहेर.

ह्यावर आम्हांला जरा थांबायचे आहे. मदत मागणाऱ्या ज्या थोड्या स्त्रिया, त्यांतल्या सर्वांत जास्त जणी आपल्या माहेरच्या माणसांकडेच जातात, हे त्याच सर्वेक्षणात आहे. पोलीस, वकील आणि संस्था यांचा वाटा त्यापुढे फारच लहान. म्हणजे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे आश्रयगृह बापाची पडवी हे आहे. त्याला अनुदान नाही, नोंदणी नाही, तपासणी नाही. आणि ते कधीच विनाअट नसते. लेक पोरे घेऊन आली की पहिले चार दिवस तिचे लाड होतात, आठव्या दिवशी पाहुणे विचारू लागतात, महिन्याने भावजय भांडी आपटते. आम्ही भावजयीला दोष देत नाही. तिच्या चुलीवर तीन तोंडे वाढली, तिच्या एका खोलीचा पडदा निम्म्यावर आला, आणि धाकट्या नणंदेचे लग्न 'थोरली घरी बसली आहे' ह्या एका वाक्यावर मोडू लागले. बाप म्हणतो, 'पोरी, नांदून घे.' तो निर्दय असतो म्हणून नव्हे. त्याचा हिशेब संपलेला असतो म्हणून. लेकीला परत पाठवताना तिच्या आईने कोपऱ्यात जाऊन डोळे पुसले नाहीत, असे घर आम्हांला कोणी दाखवावे.

तेव्हा आमचा मुद्दा असा की, गरज मोजायची ती नुसती बाईची नव्हे, तिच्या माहेराचीही. हे दार सहा महिने उघडे राहावे म्हणून काय लागेल? काही वेळा अगदी थोडे लागते. महिन्याचे धान्य लागते. त्यासाठी तिचे नाव सासरच्या रेशनकार्डावरून निघून निराळे कार्ड व्हावे लागते. ही क्षुल्लक गोष्ट नाही. शेजारच्या सांगली-सातारा भागात कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीतल्या बायांनी १९८० नंतरच्या दशकात परित्यक्तांचे मोर्चे काढले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत काय होते? निराळे रेशनकार्ड आणि राहायला जागा. मोठमोठे विद्वान स्त्रीच्या प्रतिष्ठेवर बोलत असताना त्या टाकलेल्या बाया शिधापत्रिकेवर बोलत होत्या, कारण त्या पत्रिकेवर जिचे नाव स्वतंत्र त्या बाईला गावात अस्तित्व होते. त्याच सुमारास, १९८८ साली, संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली. आमच्या मते गरजेचे मोजमाप कसे असते हे ज्याला शिकायचे असेल, त्याने ह्या बायांच्या मागण्या वाचाव्यात. त्या कुठल्या समितीने त्यांच्यासाठी लिहिलेल्या नव्हत्या.

धान्याच्या पाठोपाठ मुलांची शाळा येते. सासरच्या गावची शाळा दाखला देत नाही, किंवा नवरा अडवून धरतो, म्हणून पोर वर्षभर आजोळी गुरे राखते. वस्तुतः २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्वच्छ लिहिले आहे की, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे माहेरच्या शाळेतल्या मास्तरांनी जाणले, तर माहेराचे अर्धे ओझे उतरते. मग तिचे आधारकार्ड, तिचे पासबुक. २०२४ च्या ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे पैसे बायकांच्या स्वतःच्या खात्यावर येऊ लागले; पण ते खाते ज्या फोनला जोडलेले आहे तो फोन कोणाच्या खिशात आहे, हे विचारल्याशिवाय पैसे तिला मिळाले असे आम्ही समजत नाही. आणि खर्ची. न्यायालयाने पोटगी बांधून दिली तरी ती हातात पडेपर्यंत बाईने खायचे काय? सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले की, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. हे न्याय्य आहे. परंतु दोन वर्षांनी मिळालेल्या मागच्या पैशाने मागची भूक भागत नाही. ह्या मधल्या महिन्यांपुरती उसनवार देणारे कोणी हवे. गावातला बचत गट हे करू शकेल, जर त्याच्या अध्यक्षीण बाई त्या नवऱ्याच्या चुलत बहीण नसतील.

ज्यांना माहेरच उरले नाही, आईबाप गेले, भाऊ मुंबईला चाळीत, किंवा लग्नच घरच्यांच्या मनाविरुद्ध झाले, त्यांची गोष्ट निराळी. खोल्या लागतात त्या ह्यांना. तालुक्याच्या गावी दोन-दोन, तीन-तीन. तेवढ्या मोजल्या तर ३८७ चा आकडा पुष्कळच खाली येतो आणि आवाक्यातला होतो.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक वर्ग आहे, ज्याला ना माहेर जवळ, ना गाव आपले. दिवाळी झाली की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. आपल्या कारखान्यांच्या धुरांड्यांचा आपल्याला अभिमान आहे; ज्यांच्या कोयत्यावर ती पेटतात त्यांच्या खोपीत रात्री काय होते, याची चौकशी आपण करीत नाही. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती जोडप्याच्या नावे. मग तिला मारले आणि ती उठून गेली, तर कोयता मोडतो, उचल अंगावर येते. कायदा तिला घरात राहण्याचा हक्क देतो. तिचे घर पाचटाचे आहे आणि मार्चअखेर ते जाळले जाणार आहे. ह्या बाईची गरज मोजायची, तर हंगामात फडावर जावे लागेल. कचेरीच्या पत्त्यावर ती सापडायची नाही.

सीमेवरचीही एक अडचण आहे. आपला रोटीबेटीचा व्यवहार निपाणी, संकेश्वर, बेळगावशी पिढ्यान्‌पिढ्यांचा. लेक दिली कर्नाटकात आणि परत आली कागलला, की तिला सांगितले जाते, 'गुन्हा तिकडचा, तिकडे जा.' कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे बाई जिथे राहते, तात्पुरती राहते तिथेही, तिला संरक्षणाचा अर्ज करता येतो. एवढे एक वाक्य कागल-गडहिंग्लज-चंदगडच्या प्रत्येक चावडीवर लिहून ठेवले, तर पुष्कळ हेलपाटे वाचतील. शिवाय वकील. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली बाईला वकील फुकट मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. परंतु ही गोष्ट तिला कळते ती बहुधा दागिना मोडून वकील केल्यावर.

आता पुरुषमंडळींबद्दल दोन शब्द. कोल्हापूरला तालमी आहेत, पेठापेठांत मंडळे आहेत, आणि 'आमच्या गल्लीतल्या बहिणीला हात लावला' म्हणून चार पोरे त्या नवऱ्याला धडा शिकवायला निघतात. ह्या पोरांच्या मनाविषयी आम्हांला शंका नाही. परंतु रात्री मार खाऊन आलेला तो नवरा दार लावून तोच हिशेब कोणाकडून चुकता करतो, हे त्यांनी विचारले आहे काय? तिला ह्या पराक्रमाची गरज नसते. तिला गरज असते ती, तालमीतल्या दोघा शहाण्यांनी दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी तिच्याबरोबर जाऊन तिचे कागद, तिची भांडी आणि पोरांची दप्तरे शांतपणे बाहेर आणण्याची. त्यात अंगाला माती लागत नाही, म्हणून ते काम कमी मानले जाते, एवढेच. कावळा नाक्यावर ताराराणींचा अश्वारूढ पुतळा आहे, त्याला आपण सारे मान देतो. त्या चौकातून रात्री स्टँडकडे एकटी निघालेल्या बाईला रिक्षावाल्याने नुसते 'कुठं जायचंय ताई?' एवढे सरळ आवाजात विचारले, तरी पुष्कळ झाले.

तडजोडीचेही असेच. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि पुष्कळ गावांचे बांधाचे तंटे तिने मिटवले, हे मान्य केले पाहिजे. पण बांध आणि बाई ह्यांत फरक आहे. बांधाचा तंटा मिटला की मिटला. बाईचा 'मिटला' म्हणून वहीत लिहिला, तिला नांदायला पाठवली, आणि मग तिकडे काय झाले हे पाहायला त्या समितीतला कोणी पंधरा दिवसांनी गेला काय? नसेल गेला, तर तो तंटा मिटला नाही, नुसता बंद दारामागे गेला. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला, त्याच्या कामाची मोठी शिकवण आम्हांला अशी दिसते की, पोलीस ठाण्यात बाईच्या बाजूचे, पोलीस नसलेले एक प्रशिक्षित माणूस बसले, की 'मिटवा' ह्या शब्दाचा अर्थ बदलतो. आणि २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र निघाले. मुंबई महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी मिळून ते काढले. त्याचे तत्त्व असे की, जिना उतरताना पडले असे सांगणारी बाई तिसऱ्यांदा आली, तर तिला एकटीला बसवून विचारायचे. आपल्या सी.पी.आर.मध्ये आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात जखमा बांधणाऱ्या परिचारिकेला हे विचारायला वेळ, आडोसा आणि अधिकार आहे का, हे मोजण्यात फार खर्च येणार नाही.

आता मोजायचे कसे, ह्याविषयी. इथे उत्साह घातक ठरतो. कॉलेजची मुले छापील कागद घेऊन घरोघर गेली आणि सासूसमोर सुनेला विचारले, 'तुमचा छळ होतो काय?' तर उत्तर 'नाही' येणार, आणि ते गेल्यावर छळ होणार. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली ह्या कामाचे नियम घालून दिले, त्यांत पहिला नियम असा की, माहितीपेक्षा बाईची सुरक्षितता मोठी. एका घरात एकाच बाईला विचारायचे, एकांतात विचारायचे, आणि विचारल्यावर तिला कुठे जाता येईल हे आधी हातात तयार ठेवायचे. जिथे देण्यासारखे काही नाही तिथे विचारणे हे पाप आहे, असे आम्ही म्हणू. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा गरोदर विधवांची यादी करीत ते हिंडले नाहीत. 'इथे या, गुपचूप बाळंत व्हा' अशा अर्थाची पत्रके त्यांनी लावली. गरज काय आहे हे ओळखून दार उघडले, आणि ज्यांना यायचे होते त्या आल्या.

म्हणून सर्वांना विचारत सुटण्यापेक्षा, ज्या ह्या वाटेने जाऊन आल्या त्यांना विचारावे. प्रत्येक गावात अशी एक तरी बाई असते, जी दहा वर्षांपूर्वी पोरे घेऊन निघाली आणि आज शिवणकाम करून किंवा अंगणवाडीत काम करून उभी आहे. तिला विचारावे, त्या रात्री तुला काय हवे होते आणि काय मिळाले नाही. तिचे नाव लिहू नये. मग आशाताई, अंगणवाडीच्या सेविका, पोलीस पाटील, एस.टी.चे वाहक, किराणा दुकानदार. उधारी कोणाची एकाएकी वाढली हे दुकानदाराला सर्वांआधी कळते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सर्व राज्यांना आदेश दिला की, महिला व बालविकास विभागाच्या अधिकाऱ्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी म्हणून नेमावे. आपल्या तालुक्याचा हा अधिकारी कोण, त्याचे नाव आणि फोन कुठे लावला आहे, एवढे प्रत्येकाने शोधून पाहावे. शोधायला किती दिवस लागले, हेही एक मोजमापच आहे.

गावाला हे जमेल का, अशी शंका कोणी घेईल. ४ मे २०२२ रोजी आपल्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला की, नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे बंद. त्याच महिन्यात शासनाने तो ठराव साऱ्या राज्यापुढे ठेवला. विधवेच्या कुंकवाचा निर्णय जी ग्रामसभा घेऊ शकते, ती सधवेच्या निवाऱ्याचाही घेऊ शकेल. ठराव एवढाच करावा: ग्रामपंचायतीची किंवा शाळेची एक खोली, तिची किल्ली दोन बायांकडे, खोलीत दोन अंथरुणे, थोडा शिधा, एक फोन, आणि तालुक्याला नेणाऱ्या एका गाडीवाल्याशी आधी केलेली बोली. वर्षातून किती रात्री ती खोली उघडली, तेवढा आकडा लिहावा, नावे नकोत. एकही रात्र उघडली नाही, तर खोली बंद करण्याआधी किल्ली कोणाकडे आहे ते तपासावे. ज्या घरी ती आहे तिथे जायची त्या बायांना भीती वाटत असेल.

सभा संपल्यावर आम्ही व्यासपीठाच्या डाव्या बाजूला बसणार आहोत. चंदगड, आजरा आणि गगनबावडा येथे ज्यांची घरे, दुकाने किंवा नातलग आहेत, त्यांनी भेटावे. सुरुवात ह्या तीन तालुक्यांपासून करावी असे आमच्या मनात आहे, कारण जिल्ह्याच्या गावापासून ते सर्वांत अडलेले. आणि पहिले काम म्हणजे तिथल्या मुक्कामी गाड्यांचे वेळापत्रक लिहून काढणे.